खुणेवर ड्रोन उतरवताना: कॅमेरा, कोन आणि उशीर

साध्या जीपीएसच्या भरवशावर परतलेला ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून दोन-तीन मीटर दूर उतरला, तर त्याला दोष देता येत नाही. त्या यंत्रणेची अचूकताच तेवढी असते. मोकळ्या मैदानात हे खपून जाते, पण गच्चीवरच्या चार्जिंगच्या पेटीवर किंवा मीटरभर रुंदीच्या फळीवर उतरायचे असेल, तर दोन मीटरची चूक म्हणजे मोडलेली पाती. आरटीके पद्धतीचे जीपीएस ही चूक काही सेंटीमीटरांवर आणते खरे, परंतु त्यासाठी जमिनीवर बेस स्टेशन किंवा नेटवर्कची जोडणी लागते, आणि फळी कोणी जरा सरकवली तरी ड्रोन जुन्या जागीच उतरतो. खाली पाहणारा एक कॅमेरा आणि फळीवर छापलेली एक चौकोनी खूण एवढ्या साहित्यावर ही अडचण बऱ्याच स्वस्तात सुटते.

पुढील मार्गदर्शन चार मोटरींच्या ड्रोनसाठी आहे. त्याच्या फ्लाइट कंट्रोलरवर, म्हणजे उड्डाण सांभाळणाऱ्या सर्किटवर, आर्डूपायलट हे मुक्त फर्मवेअर (यंत्रातला मूळ प्रोग्राम) आहे, सोबत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलेला आहे आणि चित्र वाचण्याचे काम ओपनसीव्ही हा तयार प्रोग्रामांचा संच करतो, असे गृहीत धरले आहे. पीएक्स४ हे दुसरे फर्मवेअर वापरणाऱ्यांना पॅरामीटरांची, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगांची, नावे वेगळी दिसतील. विचाराची दिशा तीच राहील. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. चित्रात खूण ओळखणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे आणि त्यासाठी प्रोग्रामच्या दहा-पंधरा ओळी पुरतात. अपघात होतात ते मोजमाप कोणत्या क्षणाचे आहे हे न कळल्यामुळे, अक्षांची दिशा उलटी लागल्यामुळे, किंवा खूण दिसत नसतानाही ड्रोन खाली येत राहिल्यामुळे. म्हणून या लेखातील बहुतेक जागा त्या तीन गोष्टींना दिली आहे.

खूण: आकार आणि छपाई

दोन प्रकारच्या खुणा सर्रास वापरल्या जातात. अरुको ही स्पेनमधील कॉर्दोबा विद्यापीठात तयार झाली, तर एप्रिलटॅग अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात. दोन्हींत काळ्या चौकटीच्या आत काळ्या-पांढऱ्या घरांचा संकेत असतो आणि त्यावरून खुणेचा क्रमांक कळतो. ओपनसीव्हीच्या ४.७ आवृत्तीपासून अरुकोचा भाग मुख्य संचात आला असल्याने नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. अरुकोचे संचही अनेक आहेत. त्यांपैकी चार बाय चार घरांचा, पन्नास खुणांचा संच घ्यावा. घरे मोठी असल्यामुळे तो उंचावरूनही वाचता येतो.

खूण किती मोठी हवी, याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. ते दोन ओळींच्या गणितात मिळते. रास्पबेरी पायच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्याचे आडवे दृष्टिक्षेत्र ६२.२ अंश आहे. पूर्ण दृष्टिक्षेत्राचे चित्र ८२० पिक्सेल रुंद करून घेतले, तर चित्राची अर्धी रुंदी भागिले ३१.१ अंशांची टॅन्जंट, म्हणजे सुमारे ६८०, हे पिक्सेलमधले नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) झाले. ६० सेंटीमीटरची खूण १० मीटर उंचीवरून ६८० गुणिले ०.६ भागिले १०, म्हणजे जवळपास ४१ पिक्सेलची दिसेल. चौकटीसह एका बाजूला सहा घरे असल्यामुळे एका घराच्या वाट्याला सातएक पिक्सेल येतात आणि ओळख भरवशाची होते. तीच खूण २० मीटरवरून पाहिली, तर घर साडेतीन पिक्सेलांपेक्षाही लहान होते. मग ती चित्रणाच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) दिसेल, दुसऱ्या चौकटीत दिसणार नाही.

खाली येताना अडचण उलटी होते. या कॅमेऱ्याला दिसणारी जमीन उंचीच्या साधारण १.२ पट रुंद आणि ०.९ पट लांब असते. म्हणजे कॅमेरा जमिनीपासून ६६ सेंटीमीटरवर आला की ६० सेंटीमीटरची खूण चित्रात मावेनाशी होते, आणि ड्रोन थोडा बाजूला असेल तर ती मीटरभर उंचीवरच कडेने कापली जाते. कडा कापली की खूण नाहीशी. नेमक्या शेवटच्या मीटरमध्ये, जिथे अचूकता सर्वांत जास्त हवी, तिथेच कॅमेरा आंधळा होतो. यावर उपाय म्हणून फळीच्या मधोमध १० सेंटीमीटरची दुसरी खूण ठेवावी. ती अडीच मीटरपासून नीट दिसू लागते आणि कॅमेरा २० सेंटीमीटरवर येईपर्यंत चित्रात मावते. एप्रिलटॅगच्या तिसऱ्या आवृत्तीतील टॅगकस्टम४८एच१२ या कुळातील खुणांचा मध्यभाग याच कारणासाठी रिकामा ठेवलेला असतो. अरुको वापरत असल्यास लहान खूण मध्यभागी आणि मोठी शेजारी अशी मांडणी करावी. तेव्हा मोठ्या खुणेपासून फळीच्या मध्यापर्यंतचे अंतर प्रोग्राममध्ये द्यावे लागते, आणि चित्रात खूण जितकी फिरलेली दिसेल तितके ते अंतरही फिरवावे लागते.

छपाई फ्लेक्सच्या दुकानात करून घेता येते, मात्र तिथे दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. पहिली, कापड किंवा व्हिनाइल मॅट हवे. चकचकीत फ्लेक्सवर ऊन पडले की काळी घरे पांढरी दिसतात. दुसरी, खुणेभोवतीची पांढरी किनार कापू नये. दुकानातील कामगार ती वाया जागा समजून सफाईने छाटून टाकतो, आणि त्या किनारीशिवाय काळी चौकट पार्श्वभूमीतून वेगळी काढता येत नाही. किनार किमान एका घराएवढी, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या खुणेला चहूबाजूंनी १० सेंटीमीटर असावी. छापून आल्यावर बाहेरील काळ्या कडेपासून काळ्या कडेपर्यंत टेपने मोजावे आणि मोजलेलाच आकडा प्रोग्राममध्ये घालावा. नुसते फ्लेक्स जमिनीवर अंथरून त्यावर ड्रोन उतरवणे धोक्याचे आहे. पात्यांचा झोत कडेखाली शिरला की ते उचलले जाते आणि पात्यांतच अडकते. पाच मिलिमीटरचा सनबोर्डही हलकाच पडतो, त्यामुळे तो प्लायवूडवर स्क्रूने बसवावा.

कॅमेरा बसवणे आणि त्याचे मापन

कॅमेरा गिम्बलवर, म्हणजे त्याला सपाट धरून ठेवणाऱ्या फिरत्या बैठकीवर, न ठेवता सांगाड्याला घट्ट बसवावा, म्हणजे त्याची दिशा आणि ड्रोनची दिशा यांचे नाते कायम राहते. आपोआप फोकस बदलणारा कॅमेरा या कामाला नको, कारण फोकस हलला की नाभीय अंतर बदलते आणि केलेले सारे मापन फुकट जाते. भिंगाचा फोकस पाच-सहा मीटरवर लावून त्याच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा. झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. त्याच्या वाफेने भिंगावर पांढरे पुट चढते.

शटरचा वेग हाताने ठरवावा. ड्रोन सेकंदाला ६० अंशांच्या वेगाने कलत असेल, तर आपल्या कॅमेऱ्यात खूण सेकंदाला सुमारे ७०० पिक्सेल सरकते. एक शतांश सेकंदाच्या उघडझापेत ती सात पिक्सेल फराटली जाईल, म्हणजे १० मीटरवर अख्खे एक घर पुसले जाईल. एक सहस्रांश सेकंदात हाच फराटा पिक्सेलपेक्षा कमी राहतो. दिवसाच्या उजेडात तेवढा वेग सहज परवडतो. साधे सेन्सर चित्राच्या ओळी एकामागून एक वाचतात, त्यामुळे मोटरींच्या थरथरीत चौकोनाच्या कडा नागमोडी होतात. सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचा कॅमेरा मिळाला, तर ही कटकट मुळातच संपते. रास्पबेरी पायने २०२३ मध्ये तसा कॅमेरा बाजारात आणला आहे आणि नव्याने खरेदी करणाऱ्याने तोच घ्यावा असे माझे मत आहे. फक्त त्याला भिंग वेगळे लावावे लागते, त्यामुळे वरील गणित त्या भिंगाच्या आकड्यांनी पुन्हा करावे.

मापनासाठी बुद्धिबळाच्या पटासारखी छापील जाळी सपाट काचेवर चिकटवून तिची वीस-तीस चित्रे घ्यावीत. जाळी चित्राच्या कोपऱ्यांतही न्यावी आणि तिरपी धरावी, कारण भिंगाची वक्रता कोपऱ्यांतच जास्त असते. ओपनसीव्हीने दिलेली सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत असली, तर मापन चांगले समजावे. इथे एक छुपा खड्डा आहे. अनेक कॅमेरे काही विशिष्ट रिझोल्यूशनना सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात, त्यामुळे दृष्टिक्षेत्र अरुंद होते. म्हणून उड्डाणात जी पद्धत वापरायची, नेमक्या त्याच पद्धतीत मापन करावे.

पिक्सेलपासून कोनापर्यंत

फ्लाइट कंट्रोलरला खूण कोणत्या दिशेला आहे एवढेच सांगायचे असते. खुणेच्या मध्याचा पिक्सेल आधी भिंगाच्या वक्रतेसाठी सुधारून घ्यावा. मग त्यातून चित्राचा मध्य वजा करून नाभीय अंतराने भागावे आणि आर्कटॅन घ्यावा. आडवा कोन आणि उभा कोन, दोन्ही रेडियनमध्ये, तसेच खुणेच्या आकारावरून काढलेले अंतर, हे सर्व मॅव्हलिंकच्या, म्हणजे ड्रोनच्या भागांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या भाषेच्या, लँडिंग टार्गेट या संदेशात भरून सेकंदाला किमान दहा वेळा पाठवावे.

एका चौकोनी खुणेवरून तिचा कल काढण्याची सोयही ओपनसीव्हीत आहे, पण तिच्यावर विसंबू नये. सपाट चौकोन समोरून पाहिला की त्याच्या कलाची दोन उत्तरे जवळजवळ सारखीच बसतात आणि एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उत्तर उडी मारते. खुणेचा मध्य मात्र स्थिर राहतो. म्हणून कॅमेऱ्याकडून दिशा आणि अंतर घ्यावे; ड्रोन किती कलला आहे हे फ्लाइट कंट्रोलरमधल्या जायरोस्कोप या फिरणे मोजणाऱ्या सेन्सरकडूनच घ्यावे.

दिशांची चाचणी पाती काढून, ड्रोन हातात धरून करावी. ड्रोनचे नाक पुढे आणि चित्राची वरची बाजू नाकाकडे असेल, तर खूण ड्रोनच्या उजवीकडे असताना आडवा कोन धन आला पाहिजे आणि खूण मागे असताना उभा कोन धन आला पाहिजे. कॅमेरा ९० अंश फिरवून बसवला असल्यास पीएलएनडी_यॉ_अलाइन या पॅरामीटरमध्ये ते सांगावे. एकक अंशाचा शंभरावा भाग आहे हे विसरू नये. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, तरीही ती वगळण्याचा मोह अनेकांना होतो. चिन्ह उलटे राहिले, तर ड्रोन खुणेपासून दूर पळतो आणि जितका दूर जातो तितका अधिक जोराने पळतो.

उशीर

आता या कामाचा गाभा. कॅमेऱ्याने प्रकाश टिपल्यापासून कोन फ्लाइट कंट्रोलरपर्यंत पोहोचेपर्यंत सेन्सरचे वाचन, चित्राची हाताळणी, खुणेचा शोध आणि केबलवरचा प्रवास यांत मिळून शंभर मिलिसेकंद सहज जातात. तेवढ्या अवधीत, सेकंदाला ६० अंशांनी कलणारा ड्रोन सहा अंश फिरलेला असतो. जुना कोन नव्या कलाशी जोडला, तर १० मीटर उंचीवर खूण एक मीटर सरकल्याचा भास होतो. ड्रोन त्या भासाच्या मागे कलतो, त्या कलण्यातून नवा भास निर्माण होतो, आणि बघता बघता तो खुणेवर डोलू लागतो. पुष्कळ जण अशा वेळी नियंत्रणाचे गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, कमी करत बसतात. त्याने डोलणे मंदावते, पण रोगाचे मूळ तसेच राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मंगळावरचे आहे. नासाच्या इंजेन्युइटी या हेलिकॉप्टरच्या सहाव्या उड्डाणात, २२ मे २०२१ रोजी, सुमारे ५४व्या सेकंदाला दिशादर्शक कॅमेऱ्याचे एक चित्र हरवले. फक्त एक. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या क्षणाचा शिक्का पडत गेला आणि यान वीस अंशांहून अधिक कलत हेलकावे खाऊ लागले. ते ठरलेल्या जागेपासून पाचएक मीटर अंतरावर सुखरूप उतरले. त्यामागे रचनेतील एक शहाणपण होते: उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात संगणक कॅमेऱ्याची चित्रे वापरणेच थांबवत असे.

आर्डूपायलटमध्ये हा उशीर पीएलएनडी_लॅग या पॅरामीटरमध्ये सेकंदांत द्यायचा असतो. मूळ किंमत ०.०२ आहे आणि ती ०.२५ पर्यंत नेता येते. फ्लाइट कंट्रोलर मग आपल्या स्मृतीतून तितक्या अवधीपूर्वीचा कल काढून कोनाशी जोडतो. रास्पबेरी पायवर मूळची ०.०२ क्वचितच बरोबर असते. ती मोजण्याची सोपी रीत अशी: पाती काढलेला ड्रोन खुणेच्या वर दीड-दोन मीटरवर धरून डावी-उजवीकडे लयीत कलवावा आणि जायरोचा कल व कॅमेऱ्याचा आडवा कोन एकाच आलेखावर काढावेत. दोन्ही लाटा सारख्याच दिसतात. फक्त कॅमेऱ्याची लाट जायरोच्या लाटेमागे असते. शिखरांमधले अंतर हाच आपला उशीर. हा उशीर स्थिर असणे त्याच्या लहान असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, म्हणून संगणकावर त्याच वेळी व्हिडिओ साठवणे किंवा वायफायवरून चित्र पाठवणे अशी कामे लावू नयेत. प्रोग्राममध्ये चित्रांची रांग साचू देऊ नये. नवे चित्र आले की जुने टाकून द्यावे.

खाली यायचे की नाही

पीएलएनडी_एनेबल्ड आणि पीएलएनडी_टाइप या दोन्हींना १ ही किंमत दिली की सोबतच्या संगणकाकडून येणारे संदेश स्वीकारले जातात. पीएलएनडी_ईएसटी_टाइपही १ ठेवावा, म्हणजे मोजमापांवरून खुणेच्या जागेचा अंदाज बांधणारा कालमन फिल्टर लागू होतो आणि एखाद-दुसरी चौकट हुकली तरी अंदाज तुटत नाही. पीएलएनडी_एक्सवाय_डिस्ट_मॅक्स या पॅरामीटरमुळे, खूण ठराविक आडव्या अंतरापेक्षा दूर असेपर्यंत ड्रोन खाली यायला सुरुवात करत नाही. मूळ किंमत २.५ मीटर आहे. खूण हरवल्यास काय करायचे हे पीएलएनडी_स्ट्रिक्ट ठरवतो: ० असल्यास तिथेच सरळ उतरणे, १ असल्यास वर जाऊन पुन्हा प्रयत्न करणे, २ असल्यास न उतरणे. गच्चीवर किंवा पाण्याजवळ ० कधीही ठेवू नये. मोकळ्या मैदानात मात्र ०सुद्धा निर्धोक असतो.

फर्मवेअरच्या या पहाऱ्याखेरीज आपल्या प्रोग्राममध्येही चाळण्या असाव्यात. ठरलेल्या क्रमांकाचीच खूण स्वीकारावी. ती सलग चार-पाच चौकटींत दिसल्यावरच संदेश पाठवायला सुरुवात करावी. खुणेच्या आकारावरून निघालेले अंतर आणि लेझर उंचीमापकाची उंची यांत पाव हिश्शाहून अधिक तफावत असेल, तर ते मोजमाप गुपचूप टाकून द्यावे. ही शेवटची चाळणी फार मोलाची आहे. फरशीच्या नक्षीत किंवा जाळीच्या सावलीत भासलेली खोटी खूण तिच्यातून क्वचितच सुटते. शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये आडव्या दुरुस्त्या थांबवून सरळ खाली येऊ द्यावे, कारण तिथे जमिनीवरून उलटलेली हवा ड्रोनला तशीही हलवत असते आणि त्या क्षणी कलणे म्हणजे एका पायावर उतरणे.

मैदानात

उड्डाणाआधी जागा नकाशावर तपासावी. ड्रोन नियम, २०२१ नुसार नकाशावरील हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, परंतु विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर, म्हणजे २०० फूट आहे. पुण्या-मुंबईत अशी बरीच मैदाने त्या पट्ट्यात किंवा त्याहूनही आत येतात.

पहिल्याच दिवशी लँड मोडचे बटण दाबू नये. आधी ड्रोन लॉइटर मोडमध्ये, म्हणजे एकाच जागी तरंगत, पाच मीटरवर उभा ठेवून, रिमोटच्या एका स्विचवर ३९ हा पर्याय लावावा. त्यामुळे ड्रोन उंची न बदलता खुणेच्या डोक्यावर येऊन थांबतो. बोट स्विचवरच ठेवावे. तो डोलत असेल तर उशीर पुन्हा मोजावा. एकाच बाजूला सातत्याने उभा राहत असेल तर कॅमेरा तिरका बसला आहे. दोन्ही ठीक झाल्यावर पाच मीटरवरून उतरवावे आणि मगच दहा मीटरवर जावे. वारा असेल तर ड्रोन त्याच्या दिशेला कलून उभा राहतो आणि तितकीच खूण चित्रात सरकते. आपल्या कॅमेऱ्याच्या लहान बाजूला मध्यापासून कडेपर्यंत २४ अंशच आहेत, त्यामुळे वीस अंश कलावे लागेल असा वारा असताना चाचणी करण्यात अर्थ नाही.

वेळही निवडावी लागते. मे महिन्याच्या मध्याला पुणे-मुंबईच्या आकाशात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीच्या त्या दिवसांत ड्रोनची सावली नेमकी त्याच्याच खाली, खुणेवर पडते आणि मोटरींच्या दांड्यांची सावली काळ्या घरांना जोडून संकेत बिघडवते. सकाळी साडेआठ-नऊची वेळ सर्वांत चांगली. कोकणातील तांबड्या मातीवर किंवा नांगरलेल्या रानात शेवटच्या दीड मीटरमध्ये धुरळा उठतो आणि खूण दिसेनाशी होते. फळीभोवती दोन-तीन मीटर पाणी शिंपडले की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

छापील खुणेशिवाय, नुसत्या जमिनीच्या पोताकडे पाहून उतरण्याची पद्धतही आहे, आणि या मार्गदर्शनानंतर अनेकांना ती करून पाहावीशी वाटेल. इंजेन्युइटी तसेच उडत असे, आणि १८ जानेवारी २०२४ रोजी ७२व्या उड्डाणात वाळूच्या एकसारख्या लाटांवर त्याला पकडण्याजोगी ठळक खूण सापडली नाही. आडवा वेग शिल्लक असताना ते टेकले आणि पाती मोडली. भाताची सारखी हिरवी शेते, पाणी किंवा नवे डांबर यांवर आपला ड्रोनही त्याच अवस्थेत सापडतो. त्यामुळे निदान उतरण्याच्या जागी खूण असू द्यावी.

प्रत्येक उड्डाणानंतर लॉग, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरने ठेवलेली नोंदवही, उतरवून त्यातील पीएल या नोंदी पाहाव्यात. त्यांत खूण केव्हा मिळाली, केव्हा सुटली आणि तिचे आडवे अंतर कसे बदलले हे दिसते. अंतराची रेषा शून्याकडे सरळ उतरत गेली पाहिजे. ड्रोन अडीच मीटर उंचीच्या आसपास असताना ती अचानक उडी घेत असेल, तर मोठ्या खुणेवरून लहान खुणेवर जाताना दोघींच्या मध्यांचे अंतर चुकीचे भरले गेले आहे असे समजावे आणि फळीवर टेप घेऊन ते पुन्हा मोजावे.